नाव, वीण आणि करार : पैठणीच्या संदर्भात भौगोलिक निर्देशनाच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत व्यापारविषयक बौद्धिक संपदा हक्कांचा करार, म्हणजेच ‘ट्रिप्स’ करार, अमलात आला. पेटंट, स्वामित्वहक्क आणि व्यापारचिन्ह या परिचित हक्कांच्या रांगेत या कराराने ‘भौगोलिक निर्देशन’ ही तुलनेने अपरिचित संकल्पना आणून बसविली. एखाद्या वस्तूची गुणवत्ता, ख्याती वा अन्य वैशिष्ट्य मूलतः तिच्या उगमस्थानामुळे निर्माण झाले असेल, तर ते उगमस्थान सूचित करणारे नाव त्या प्रदेशाबाहेरील उत्पादकांनी वापरू नये, असे या संकल्पनेचे सार आहे. भारताने १९९९ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि नोंदणीचे कार्यालय चेन्नई येथे स्थापन झाले. दार्जिलिंग चहा ही पहिली नोंद ठरली. महाराष्ट्रातील प्रारंभीच्या नोंदींत सोलापुरी चादर होती. २०१० मध्ये पैठणीची नोंद झाली, २०१६ मध्ये मराठवाडा केशर आंबा, जालन्याची मोसंबी व बीडचे सीताफळ यांची, तर २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेची.

नोंदणीनंतरचा टप्पा आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा मानला जातो. देशातील नोंद देशापुरतीच असते. परदेशात नाव राखायचे तर द्विपक्षीय वा बहुपक्षीय व्यापार करारात त्या नावाचा अंतर्भाव झाला पाहिजे, असा युक्तिवाद गेली पंचवीस वर्षे सातत्याने केला जातो. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाशी मुक्त व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक निर्देशन अशा तीन स्वतंत्र वाटाघाटी सुरू झाल्यापासून या युक्तिवादाला अधिक बळ आले. हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि तो शॅम्पेन, पार्मा यांसारख्या युरोपीय उदाहरणांवर उभा आहे, आणि त्या उदाहरणांतील परिस्थिती पैठण-येवल्याच्या मागाला कितपत लागू पडते याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात हा युक्तिवाद पैठणी व कोल्हापुरी चप्पल या दोन उदाहरणांवर तपासला आहे.

‘मानांकन’ या शब्दाचा घोटाळा

मराठी वृत्तपत्रांनी या हक्कासाठी ‘भौगोलिक मानांकन’ असा शब्द रूढ केला आहे. शब्द कानाला बरा वाटतो. पण तो अर्थ बदलतो. मानांकन हे मिळते, दिले जाते, त्याचा सत्कार होतो. हॉटेलला तारांकन मिळावे, महाविद्यालयाला श्रेणी मिळावी, त्या जातीचा हा शब्द आहे. मूळ कायद्यात मात्र कोणाचाही गौरव करण्याची तरतूद नाही. त्यात आहे तो इतरांना मनाई करण्याचा हक्क, आणि मनाईचा हक्क बजावला नाही तर त्याला काहीच किंमत राहत नाही. ‘निर्देशन’ हा शब्द रुक्ष असला तरी नेमका आहे : नाव कशाकडे बोट दाखवते, हा येथील प्रश्न आहे.

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. मानांकन हा पुरस्कार मानला की त्याची संख्या मोजली जाते. देशातील नोंदींची संख्या आता सहाशेच्या पुढे गेली असून २०३० पर्यंत ती दहा हजारांवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. जिल्ह्याजिल्ह्यांत ‘आपल्याकडे किती मानांकने’ अशी स्पर्धा लागलेली दिसते. त्या नावाखाली आज कोण, काय आणि कोठे विकत आहे, याची मोजदाद मात्र कोणी करीत नाही.

ट्रिप्समधील दोन पायऱ्या

ट्रिप्स करारातील संरक्षण सर्व वस्तूंना समान नाही, ही बाब अभ्यासकांना ठाऊक असली तरी तिचे परिणाम पुरेसे स्पष्ट केले जात नाहीत. कलम २२ हे सर्व वस्तूंसाठी आहे. त्यानुसार नावाच्या वापरामुळे ग्राहकाची दिशाभूल होत असेल किंवा अनुचित स्पर्धा घडत असेल, तरच त्या वापराला हरकत घेता येते. कलम २३ फक्त वाइन व मद्यार्क यांच्यासाठी आहे. तेथे दिशाभूल सिद्ध करण्याची गरज नाही. खरे उगमस्थान बाटलीवर स्पष्ट लिहिलेले असले, नावापुढे ‘पद्धतीची’, ‘धर्तीची’, ‘अनुकरण’ असे शब्द जोडलेले असले, तरीही ते नाव वापरण्यास मनाई आहे.

या दोन पायऱ्यांतील अंतर पैठणीच्या संदर्भात पाहिले म्हणजे ध्यानात येते. समजा, परदेशातील एखाद्या व्यापाऱ्याने यंत्रावर विणलेले वस्त्र ‘पैठणी’ म्हणून विकले. कलम २२ खाली विणकराने तेथील न्यायालयात हे दाखवून द्यावे लागेल की, तेथील ग्राहक फसला. परंतु ज्या ग्राहकाने पैठणीचे नावच ऐकलेले नाही तो फसणार कसा? ख्याती जितकी स्थानिक, तितके परदेशातील संरक्षण दुबळे, असा हा उफराटा न्याय आहे. न्यू जर्सी किंवा लंडन येथील मराठी कुटुंबांना पैठणी ठाऊक आहे, हे खरे. त्यांच्यापुरती दिशाभूल सिद्ध करता येईलही. पण मग विणकराचा दावा एका स्थलांतरित समाजाच्या स्मृतीवर तोलला जाईल.

भारताने ही विषमता दूर व्हावी, कलम २३ चे संरक्षण सर्व वस्तूंना मिळावे, अशी मागणी अन्य अनेक देशांसह केली. २००१ च्या दोहा घोषणापत्रात या विषयाचा उल्लेख आला, २००८ मध्ये अनेक सदस्य देशांनी संयुक्त प्रस्तावही मांडला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांचा विरोध मावळला नाही आणि बहुपक्षीय वाट तेथेच अडली. द्विपक्षीय करारांचे महत्त्व वाढले ते या अडलेल्या वाटेमुळे.

करार काय साधू शकतो, याचे एक बोलके उदाहरण कॅनडात सापडते. इटलीतील पार्मा येथील प्रसिद्ध खारवलेल्या मांसाला कॅनडात ‘पार्मा’ या नावाने विकता येत नसे. कारण ते व्यापारचिन्ह १९७१ पासून एका कॅनेडियन कंपनीकडे होते. खऱ्या पार्मावासी उत्पादकांनाच आपले नाव सोडून दुसऱ्या नावाने माल विकावा लागला. न्यायालयांत जे साधले नाही ते युरोपीय संघ व कॅनडा यांच्यातील व्यापार कराराने साधले. सप्टेंबर २०१७ पासून तो तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला आणि दोन्ही नावांचे सहअस्तित्व मान्य झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे परका उत्पादक होता आणि त्याने तेच नाव घेतले होते. करार या विशिष्ट रोगावरचे औषध आहे.

पैठणीचे नाव आणि पैठणीचा भूगोल

पैठणीविषयीच्या लेखनात सातवाहनकालीन प्रतिष्ठान नगरी, रोमशी व्यापार आणि सोन्याच्या मोलाने विकली जाणारी वस्त्रे यांचे वर्णन ठरलेले असते. या परंपरेचा मुख्य ग्रीक आधार म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा नाविकवृत्तान्त. त्यात भडोच बंदराकडे गाड्यांतून येणाऱ्या मालाची नोंद आहे खरी. पण पैठणहून येणारा माल म्हणून तेथे मौल्यवान दगडांचा उल्लेख आहे आणि नाना प्रकारच्या कापडाचा उल्लेख आहे तो तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या नगराच्या संदर्भात. पैठणला प्राचीन काळी विणकाम नव्हते असा याचा अर्थ नव्हे. परंतु आजच्या पैठणीची थेट वंशावळ या ग्रंथातून काढणे धाडसाचे आहे, आणि परदेशातील एखाद्या नोंदणी-कार्यालयापुढे असा पुरावा ठेवल्यास प्रतिपक्ष तो सहज खोडून काढील. ख्यातीचा इतिहास हा आता केवळ अभिमानाचा विषय उरलेला नसून कायदेशीर पुराव्याचा विषय झाला आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी याकडे लक्ष देण्याची गरज आहे.

नावाचा भूगोल आणि कामाचा भूगोल यांतही अंतर आहे. पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पण आज पैठणीचे माग संख्येने अधिक आहेत ते नाशिक जिल्ह्यातील येवल्यात. नोंदणीत दोन्ही परिसर आहेत, आणि ते योग्यच आहे. याशिवाय रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते आणि जर सुरतेहून. म्हणजे कच्चा माल बाहेरचा. प्रदेशाचे असे जे काही पैठणीत उरते ते विणकराच्या हातात आहे. पदर विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, दोन रंग जेथे भेटतात तेथे धाग्यात धागा अडकविण्याची पद्धत, आणि त्यामुळे उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा मोर वा असावली : हे कौशल्य हीच पैठणीची भूमी म्हणावी लागेल. वाइनच्या बाबतीत माती व हवामान हे उगमस्थानाचे प्रमाण मानले जाते. येथे तसे काही दाखवता येत नाही.

हे कौशल्य राज्यांच्या सीमा पाळत नाही, याचे उदाहरण बिदरी कामाचे आहे. बिदरीची नोंद कर्नाटकाच्या नावे आहे. परंतु बिदर व औरंगाबाद हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते आणि औरंगाबादेतही बिदरीचे कारागीर परंपरेने काम करीत आले. राज्यपुनर्रचनेने नकाशावर रेष ओढली. पुढे भौगोलिक निर्देशनाने ती रेष कारागिराच्या हस्तकौशल्यावर ओढली. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांची संयुक्त नोंद करून हा दोष टाळण्यात आला, हे स्वागतार्हच होय.

नक्कल कोठे होते?

पार्माच्या उदाहरणात नक्कल करणारा परदेशी होता. पैठणीची नक्कल कोण करतो? पैठण, येवला, पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथील कोणत्याही कापडबाजारात फेरफटका मारला की उत्तर मिळते. यंत्रमागावर, जॅकार्डच्या साहाय्याने, देशातच विणलेली साडी ‘पैठणी’ म्हणून टांगलेली असते. मागच्या बाजूस सुटे धागे लोंबत असतात, किंमत हातमागाच्या पैठणीच्या तुलनेत अत्यल्प असते. दुकानदार अधिक प्रामाणिक असेल तर तो तिला ‘सेमी पैठणी’ म्हणतो.

हा ‘सेमी’ शब्द विचारात घेण्यासारखा आहे. कलम २३ वाइनच्या बाबतीत ज्या जोडशब्दांना मनाई करते, नेमका त्याच जातीचा हा शब्द आहे. भारत जागतिक व्यासपीठावर ज्या संरक्षणाची मागणी दोन दशके करीत आला, त्या संरक्षणाचा भंग करणारा शब्द देशातील दुकानांच्या पाट्यांवर आणि संकेतस्थळांवर उघड लिहिलेला असतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार केंद्र सरकारला अधिसूचना काढून विशिष्ट वस्तूंना असे वाढीव संरक्षण देता येते. म्हणजे जे परराष्ट्रांकडून मागावयाचे ते स्वदेशात देण्याचे साधन हाताशी आहे.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही प्रक्रिया आहे. ‘पैठणी काठ’, ‘पैठणी पर्स’, ‘पैठणी जॅकेट’, ‘पैठणीचा फेटा’ अशा प्रयोगांत पैठणी हे स्थळाशी निगडित नाव उरत नाही. ते नक्षीच्या एका प्रकाराचे नाव होते. ट्रिप्सच्या कलम २४ मध्ये सामान्यनाम झालेल्या शब्दांना संरक्षणातून वगळण्याची मुभा आहे. एखाद्या देशाच्या नित्य भाषेत जो शब्द त्या वस्तूचे सर्वसाधारण नाव म्हणून रूढ झाला, त्याला तो देश संरक्षण नाकारू शकतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे : ज्या नावाला स्वतःच्या देशात संरक्षण नाही, किंवा ते संपले आहे, त्याचे रक्षण करण्यास इतर देश बांधलेले नाहीत. भारतात नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते आणि ती वेळोवेळी नूतनीकृत करावी लागते. नूतनीकरण कागदोपत्री झाले तरी, बाजारात नाव सर्वांचे झालेले असेल तर परदेशी वकिलाला युक्तिवादासाठी दूर जावे लागणार नाही.

यातून एक विचित्र शक्यता उद्भवते. उद्या एखाद्या करारात ‘पैठणी’ हे नाव समाविष्ट झाले आणि त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाने ते गांभीर्याने राबविले, तर अडविला जाणारा माल बहुतांशी भारतातूनच गेलेला यंत्रमागाचा माल असेल. येवल्याच्या विणकराच्या दृष्टीने ते इष्टच ठरेल. परंतु भारतीय वस्त्रनिर्यातदारांच्या हिताची काळजी वाहणारे सरकार अशा संरक्षणासाठी वाटाघाटींत कितपत आग्रह धरील, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

विणीच्या रक्षणाचा एक जुना भारतीय प्रयत्न येथे आठवतो. हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) अधिनियम, १९८५ याद्वारे ठरावीक प्रकारची वस्त्रे यंत्रमागावर विणण्यास मनाई करण्यात आली. या कायद्याला नावाशी कर्तव्य नव्हते; त्याने माग राखण्याचा प्रयत्न केला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पुढे आरक्षित वस्तूंची यादी बावीसवरून अकरावर आली आणि अंमलबजावणी सैलावली. उदारीकरणाच्या काळात उत्पादनावरील मनाई अप्रिय झाली व नावावरील हक्क प्रतिष्ठित झाला, हा बदल धोरणाच्या इतिहासात फारसा चर्चिला गेलेला नाही.

कोल्हापुरी चप्पल आणि मिलान

जून २०२५ मध्ये मिलान येथील पुरुष-पोशाखांच्या प्रदर्शनात प्रादा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी स्पष्ट साम्य असलेली पादत्राणे सादर केली. वर्णनात ‘चामड्याच्या सँडल’ एवढेच शब्द होते. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. भौगोलिक निर्देशनाचा भंग झाला, असे वृत्तपत्रांतून व व्यासपीठांवरून सांगण्यात आले. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठविलेल्या उत्तरात भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १६ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. याचिकाकर्ते हे नोंदणीकृत धारक नव्हते, आणि दाद मागण्याचा हक्क धारकाचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या प्रकरणात कायद्याचा भंग कोठे झाला, हा प्रश्न शांतपणे विचारला पाहिजे. भारतीय नोंदीचा अंमल इटलीत चालत नाही, ही पहिली अडचण. पण ती नसती तरी दुसरी होती : प्रादाने ‘कोल्हापुरी’ हे नाव वापरलेच नव्हते. भौगोलिक निर्देशन नाव राखते. घाट, शिलाई, वेणी, अंगठ्याची पट्टी राखत नाही. किंबहुना नाव न घेता रूप उचलणे, हे या हक्काच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक वर्तन ठरते. जनतेचा रोष होता तो नाव न घेतल्याबद्दल, श्रेय न दिल्याबद्दल; आणि कायद्याला हरकत घेता आली असती ती नाव घेतल्यावर. नैतिक अपराध आणि कायदेशीर अपराध यांनी येथे परस्परविरुद्ध दिशा धरल्या.

बासमतीच्या प्रकरणातही असाच गोंधळ झाला होता. राइसटेक या अमेरिकी कंपनीला १९९७ मध्ये मिळालेले पेटंट हे तांदळाच्या विशिष्ट वाणांवर व दाण्यांच्या गुणांवर होते. ‘बासमती’ या शब्दावर नव्हते. भारताच्या हरकतीनंतर त्यातील बहुतेक दावे मागे घेतले गेले वा रद्द झाले आणि देशात विजय साजरा झाला. नावाचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी सामंजस्य करार केला आणि स्थानिक कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर झाले. एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास सांगितली गेली. हा करार कोणत्याही व्यापारविषयक तहामुळे झाला नाही, न्यायालयाच्या आदेशानेही झाला नाही. लोकमताच्या दडपणाने झाला. दोन्ही महामंडळे नोंदणीकृत धारक असल्यामुळे बोलणी कोणाशी करावयाची हे कंपनीला ठाऊक होते. नोंदणीचा खरा उपयोग झाला तो एवढाच, आणि तो क्षुल्लक नाही. आठशे युरोंतील किती वाटा चप्पल शिवणाऱ्याच्या हाती पडेल, यावर या प्रयोगाचे मूल्यमापन अवलंबून आहे.

युरोपचे नवे द्वार

कोल्हापुरीच्या वादात एक वस्तुस्थिती जवळपास अनुल्लेखित राहिली. जून २०२५ मध्ये भारताने इच्छा केली असती तरी कोल्हापुरी चप्पल किंवा पैठणी यांची युरोपीय संघाच्या पातळीवर नोंद करणे शक्य नव्हते. युरोपीय संघाची व्यवस्था शेतमाल, खाद्यपदार्थ, वाइन व मद्यार्क यांच्यापुरती मर्यादित होती. अन्य देशांतील उत्पादकांना तिच्यात थेट अर्ज करता येऊ लागला तोही अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटानिवारण मंडळाने २००५ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर, २००६ च्या नव्या नियमावलीने. कोलंबियाची कॉफी २००७ मध्ये तेथे नोंदली गेली, दार्जिलिंग चहा २०११ मध्ये, कांगडा चहा २०२३ मध्ये. मराठवाड्याच्या केशर आंब्याला वा जालन्याच्या मोसंबीला हे दार गेली अनेक वर्षे तत्त्वतः खुले आहे. हस्तोद्योगाला ते बंद होते. खुद्द युरोपातील मुरानोच्या काचकारागिरांची आणि झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या बनविणाऱ्यांची हीच तक्रार होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संघाने हस्तोद्योग व औद्योगिक वस्तूंसाठी स्वतंत्र नियमावली संमत केली आणि १ डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. उत्पादनाचा किमान एक टप्पा तरी ठरविलेल्या प्रदेशात घडला पाहिजे, अशी तीत अट आहे. बंगळूरचे रेशीम आणि सुरतेची जर वापरणाऱ्या पैठणीला ही अट सहज पेलणारी आहे. संघाबाहेरील देशांतील उत्पादकांनाही अर्ज करता येतो. लिस्बन कराराच्या २०१५ च्या जिनिव्हा मसुद्याद्वारेही नोंद मिळू शकते; पण भारत त्याचा सदस्य झालेला नाही. ब्रिटनमध्ये परिस्थिती निराळी आहे : तेथील भौगोलिक निर्देशनाची योजना शेतमाल, अन्न व पेय यांच्यापुरतीच असल्याने हस्तोद्योगाला प्रमाणीकरण चिन्हाचा आडमार्ग धरावा लागतो.

द्वार उघडले तरी आत जाण्याचा खर्च असतो. दार्जिलिंगचा अनुभव यासाठी उपयोगी आहे. टी बोर्डाने १९९८ पासून जगभरातील व्यापारचिन्हांच्या अर्जांवर नजर ठेवण्यासाठी परदेशी संस्थेची सेवा घेतली, अनेक देशांत प्रमाणीकरण चिन्हे नोंदविली, खटले लढविले. तरीही ‘दार्जिलिंग’ नावाने अंतर्वस्त्रे विकणाऱ्या फ्रेंच कंपनीविरुद्धचे त्यांचे अपील युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळले. चहा व वस्त्र या भिन्न वस्तू आहेत, ग्राहक गोंधळणार नाही, हे कारण ग्राह्य धरले गेले. टी बोर्ड ही वैधानिक संस्था आहे, तिच्यामागे केंद्र सरकारचा पैसा आहे. पैठणीमागे असे मंडळ नाही. अनेक विणकर व्यापाऱ्याने पुरविलेल्या रेशमावर व जरीवर मजुरीने काम करतात. परदेशातील व्यापारचिन्हांची राजपत्रे वाचण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे हास्यास्पद आहे.

‘असल्यास’

युरोपीय व्यवस्थेत नोंदीइतकेच महत्त्व तपासणीला आहे. वस्तू बाजारात येण्यापूर्वी ती नोंदविलेल्या वर्णनाबरहुकूम आहे की नाही, याची खातरजमा करणारी यंत्रणा तेथे अनिवार्य असते. भारताच्या २००२ च्या नियमांत अर्जासोबत तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला आहे. पण त्यापुढे एक शब्द आहे, ‘असल्यास’. या एका शब्दाने भारतीय व्यवस्थेचा कणा मऊ केला आहे. अर्जात एखाद्या समितीचा उल्लेख करून काम भागते, आणि पुढे ती समिती बसली की नाही हे विचारणारे कोणी नसते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदविण्याचे शुल्क २०२० मध्ये पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणण्यात आले. सवलत योग्यच आहे. परंतु अधिकृत वापरकर्त्याचा माल कोण तपासतो, आणि अनधिकृत विक्रेत्यावर फिर्याद कोण करतो, हे प्रश्न शुल्काने सुटत नाहीत.

करारांच्या परिशिष्टांत दोन्ही बाजूंची नावे समोरासमोर लिहिली जातात. युरोपीय संघ व चीन यांच्यातील, मार्च २०२१ पासून लागू झालेल्या करारात प्रत्येकी शंभर नावे आहेत. संख्या सारखी असली म्हणजे व्यवहार समतोल झाला असे वाटते. युरोपकडील प्रत्येक नावामागे उत्पादकांचा संघ, तपासनीस व वकील उभे असतात. ते नाव भारतात आले की त्याची राखण करणारेही सोबत येतात. स्कॉच व्हिस्की व शॅम्पेन यांची भारतातही नोंद आहे आणि त्यांचे धारक ती जागरूकतेने बजावतात. भारताकडील यादीत पैठणीचे नाव गेले तर त्यामागे कोण असेल, हे वाटाघाटींपूर्वी ठरले पाहिजे. करारावर सही झाल्यावर नव्हे.

पैठणीच्या बाबतीत तपासणी अशक्यप्राय आहे असेही नाही. हातमाग की यंत्रमाग हे जाणकार डोळ्याला क्षणात कळते. पदराच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का, नक्षी धाग्यात धागा अडकवून साधली आहे की मागे मोकळे धागे सोडून, जर कोणत्या प्रतीची आहे, रेशीम शुद्ध आहे का, एवढ्या चार-पाच कसोट्या वर्णनपत्रात नेमकेपणाने लिहिता येतात. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क २००४ पासून व हातमागाच्या वस्त्रासाठी हँडलूम मार्क २००६ पासून उपलब्ध आहे. त्यांच्या जोडीला विणीची कसोटी लावणारा शिक्का पैठण व येवला येथे मागाजवळच मारता येईल. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांना यात काम आहे. विणीचे वर्णन मराठीत व इंग्रजीत प्रमाणित करणे, जुन्या पैठण्यांची छायाचित्रांसह सूची करणे, पेशवेकालीन कागदपत्रांतील मागण्यांचे उल्लेख संकलित करणे, ही कामे वकिलाची नव्हेत, अभ्यासकाची आहेत. असे वर्णनपत्र तयार नसेल तर युरोपातील नव्या नियमावलीखाली अर्ज भरावयास घेतल्यावर पहिल्याच रकान्यात अडावे लागेल. तूर्त हे तपासणीचे काम बाजारात ग्राहकच करतो. जाणकार बाई दुकानात पदर उलटून पाहते आणि भाव ठरविते. ज्याला ती खूण ठाऊक नाही तो पाटीवरचा शब्द वाचून साडी घेऊन जातो.